एकाच शेडमधल्या दोन गाड्या

गेल्या महिन्यात लिंबागणेशला जाणे झाले. आमच्या मोठ्या साडूंचे घर तिथे. मांजरसुंब्याला हायवे सोडून पाटोद्याच्या रस्त्याला लागले, की दोन्ही बाजूंना बालाघाटाचे माळ आणि मध्येच सीताफळाची झाडे. मोसमात या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अशा डोलत चालतात, की मागच्याने दरूद पढतच ओव्हरटेक करावे. घरी पोहोचलो तर चहाच्या आधीच पंचायत बसली होती. साडूंचा थोरला मुलगा नऊ वर्षे रियाधला बांधकामाच्या साइटवर राबून कायमचा परत आला आहे. बहिणीच्या फार्मसीच्या फीचे पैसे आणि घराच्या स्लॅबचे पैसे बाजूला काढून त्याच्याकडे सतरा लाख उरले होते. त्यातून गाडी घ्यायची, इथपर्यंत एकमत. कोणती, यावर घरात दोन तट.

गावातल्या मित्रांचे म्हणणे वेगळेच होते. त्यांच्या मते लिंबागणेशात स्कॉर्पिओ सोडून दुसरी गाडी घेणे हा पैशाचा अपमान. पण पोराला सेडानच हवी होती. नऊ वर्षे तिकडे त्याने कॅमरी आणि लेक्सस पाहिल्या होत्या, त्या डोळ्यांत बसलेल्या. पुण्यात दोन जुन्या गाड्या त्याने हेरून ठेवल्या होत्या, दोन्ही २०१६ च्या, दोन्ही डिझेल, दोन्ही ऑटोमॅटिक. एक स्कोडा ऑक्टेव्हिया, दुसरी ऑडी ए३ सेडान. मागणीत फरक फार नव्हता. मग, त्याचे म्हणणे, एवढ्याच पैशांत ऑडी मिळत असताना स्कोडा घेणारा वेडाच नव्हे का?

"खालू, तुम्ही सांगा," असे म्हणून त्याने चेंडू आमच्याकडे टोलवला. गाड्यांबद्दल वाचकांची पत्रे आम्हाला येत असतात, पण घरच्या माणसाने विचारले की उत्तर जपून द्यावे लागते. चुकले तर आयुष्यभर दावतीत ऐकावे लागते.

या दोन गाड्या सख्ख्या बहिणी आहेत, हे त्याला माहीत नव्हते. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जालना रोडवर शेंद्रा एमआयडीसी आहे. स्कोडाने २००१ साली तिथे ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू केली. दोन्ही कंपन्या फोक्सवॅगनच्याच घराण्यातल्या, म्हणून पुढे त्याच कारखान्यात ऑडीच्या गाड्याही जुळू लागल्या. ऑक्टेव्हियाची तिसरी पिढी २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये आली, ए३ सेडान २०१४ च्या ऑगस्टमध्ये. दोन्ही एमक्यूबी नावाच्या एकाच सांगाड्यावर बांधलेल्या. आमच्या पोराने हेरलेल्या दोन्ही गाड्यांत इंजिन तेच, १९६८ सीसीचे डिझेल, ताकद १४३ अश्वशक्ती. सहा गिअरची दुहेरी क्लचची पेटीही तीच. स्कोडा तिला डीएसजी म्हणते, ऑडी एस ट्रॉनिक. बाजारात उतरल्या तेव्हा ऑक्टेव्हियाची किंमत १३ लाख ९५ हजारांपासून सुरू होत होती, ए३ ची २२ लाख ९५ हजारांपासून. म्हणजे लिंबागणेशापासून काही तासांच्या अंतरावर, एकाच आवारात जुळलेल्या दोन गाड्या, आणि सुरुवातीच्या किमतींत नऊ लाखांचे अंतर.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. पोराच्या डोळ्यांत बसलेली लेक्सस ईएस १९८९ साली पहिल्यांदा आली तीच मुळी टोयोटा कॅमरीच्या हाडांवर, आणि आजही दोघींचे नाते तुटलेले नाही. आपल्या देशात दोघींची जुळणी बंगळूरजवळच्या बिडदीलाच होते.

मग नऊ लाख कशाचे? ते सगळे फसवणुकीचे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ए३ चा दरवाजा लावताना येणारा आवाज, डॅशबोर्डमधून अलगद वर येणारा पडदा, बटणांची घडण, आतली शांतता, यांवर खर्च झालेला असतो आणि तो हाताला जाणवतो. बाकीचे पैसे पुढच्या चार कड्यांचे. या कड्या १९३२ साली एकत्र आलेल्या चार जर्मन कंपन्यांची खूण आहेत. पोराला आम्ही हे सांगितले तर त्याने मोबाइलवर तपासून पाहिले आणि मान डोलावली. आजकाल खालूवरही विश्वास नाही.

पण त्याचा खरा मुद्दा वेगळा होता, आणि तो त्याने रात्री, सगळे झोपल्यावर ओट्यावर बसून सांगितला. गावी आल्या आल्या तो एका बँकेत कामासाठी गेला होता. साधा शर्ट, पायांत चपला. तासभर उभे ठेवले. नाव सांगितल्यावर समोरच्याचा सूर बदलला तो वेगळाच. "खालू, चार कड्यांच्या गाडीतून उतरलो असतो तर खुर्ची दिली असती की नाही?"

दिली असती. आम्ही खोटे कशाला बोलू? नाव ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावरची रेष कशी हलते, हे आपल्या घरांतल्या तरुणांना कोणी शिकवावे लागत नाही. इज्जतीची भूक ही चैन नव्हे. म्हणून हा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेला नाही. एवढेच विचारले, की ती खुर्ची गाडीला मिळेल की तुला? आणि गाडी सहा महिने वर्कशॉपमध्ये पडली, तर त्या सहा महिन्यांत तू काय करशील? तो गप्प राहिला. आमच्या प्रश्नाने त्याचे समाधान झाले नव्हते, हे दिसत होते.

मराठवाड्याला या भुकेची जुनी ओळख आहे. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादेत एकाच दिवशी जवळजवळ दीडशे मर्सिडीज गाड्यांची खरेदी झाली होती, सुमारे ६५ कोटींची. 'आम्हालाही मागास म्हणू नका' हे सांगण्याचा तो थाट होता, आणि शहराला त्याचा आनंदही झाला. त्या गाड्यांसाठी बँकेने ७ टक्क्यांनी कर्ज दिले होते. त्याच वेळी त्याच भागात शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी १२ टक्के मोजावे लागत होते, पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ते आकडे शेजारीशेजारी मांडले तेव्हा अनेकांच्या घशात घास अडकला. बीड जिल्ह्यातल्या, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गावांतल्या माणसाला ते दोन आकडे वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

कर्जाचे बोलणे आपल्या घरात निघालेच. धाकट्या भावाने सुचवले, जुनी कशाला, सतरा लाख भरून नवीच ऑडी घेऊ, उरलेले बँकेचे. नवी घ्यायची तर तीस लाखांच्या वर कर्ज काढावे लागते. तीसच धरा, ९ टक्के, सात वर्षे. महिन्याचा हप्ता ४८ हजारांच्या वर आणि सात वर्षांत नुसते व्याज साडेदहा लाख. साडूंनी कागद बाजूला सारला. व्याजाला त्यांचा विरोध दीनच्या कारणाने आहे. पण ज्याचा नसेल त्यानेही हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. विम्याच्या तक्त्यात पाचव्या वर्षी गाडीचे मूल्य निम्मे धरले जाते, हप्ते मात्र पूर्ण किमतीचे चालू असतात.

जुन्या गाडीकडे माणूस वळतो तो याच कारणाने. पहिल्या मालकाने घसाऱ्याचा मार खाल्लेला असतो, दुसऱ्याला अर्ध्याहून कमी पैशांत ऑडी मिळते. इथेच पोराची गफलत होत होती. गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. नऊ वर्षांच्या ऑडीचा हेडलाइट फुटला, तर दुकानदार गाडीचे वय विचारत नाही.

इथे कोणी म्हणेल, आत्ताच तर दोघींचे इंजिन एक, पेटी एक म्हणालात! बरोबर. इंजिनाच्या आतले, सांगाड्याखालचे बरेच भाग दोघींना सारखे असतात आणि माहितगार मेकॅनिक ते भागाच्या नंबरावरून ओळखतो. पण आपल्या रस्त्यांवर गाडीचे काय मोडते, ते आठवा. ट्रॉलीच्या मागे लोंबणाऱ्या उसाने काच आणि दिवा जातो. रात्री आडव्या आलेल्या कुत्र्याने बंपर जातो. गतिरोधकाने पोट घासते. बोनेट, बंपर, दिवे, आरसे, दरवाजे, म्हणजे वरचे कातडे, हे दोघींचे अगदी वेगळे. जे सारखे आहे ते क्वचित बिघडते, जे वेगळे आहे तेच पहिल्यांदा फुटते, आणि तिथे ऑडीला ऑडीचाच दर लागतो. शिवाय बीडमध्ये ऑडीचे वर्कशॉप नाही. गाडी टो करून न्यायची तर एक दिवस, एक ड्रायव्हर आणि भाडे आधी मोजा.

विम्यातही असेच. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनावर ठरतो. १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला जून २०२२ पासून तो ७,८९७ रुपये आहे, दोघींना सारखाच. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे बोलाल, तर इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप सहसा मिळत नाही. प्लास्टिकच्या भागांचा निम्मा खर्च खिशातून जातो. ऑडीचे निम्मे आणि स्कोडाचे निम्मे यांत फरक किती, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या पाहायला पुण्याला जायचे ठरले. आम्ही एकच अट घातली, दादीला बरोबर न्यायचे. साडूंच्या अम्मी ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे गेलेले, दर पंधरा दिवसांनी बीडला दवाखान्याची फेरी असते. गाडी खरे तर त्यांच्यासाठीच लागणार होती, पण सगळ्या चर्चेत त्यांना कोणी विचारलेच नव्हते. पोर कुरकुरले, तीनशे किलोमीटरचा त्रास कशाला म्हणून. दादी मात्र नवे लुगडे नेसून फजरलाच तयार.

पुण्यात आधी ए३ पाहिली. सुंदर गाडी, माशाअल्लाह, रंगही नव्यासारखा. दादी मागच्या सीटवर बसल्या, पण पाय आत घेताना गुडघा दाराच्या चौकटीला दोनदा लागला. मग चाकांची खुर्ची डिकीत घालायला गेलो. ए३ ची डिकी ४२५ लिटरची, तोंड अरुंद. खुर्ची तिरपी केली, उलटी केली, शेवटी एक चाक काढावे लागले. ऑक्टेव्हिया दिसायला सेडान असली, तरी तिचे मागचे झाकण काचेसकट वर उघडते आणि आत ५९० लिटर जागा आहे. खुर्ची घडी करून सरळ आत गेली, शेजारी आमच्या दोन बॅगाही बसल्या. लांबीत ती वीस सेंटीमीटरने मोठी, त्यामुळे दादींना मागे पाय मोकळे सोडता आले. बाई काहीच बोलल्या नाहीत. फक्त तिथून उतरेनात.

पोराने मग दोन्हींची तपासणी करवून घेतली, हे त्याचे चांगले. कंपनीच्या नोंदीत चेसिस नंबरावरून सर्व्हिस किती किलोमीटरला झाली ते काढले, म्हणजे मीटर मागे फिरवलेला असला तर कळतो. या पेटीचे तेल ६० हजार किलोमीटरला बदलावे लागते. ते बदलले होते का, ते पाहिले. आरसीवर बँकेचा बोजा चढलेला असेल तर ना-हरकत दाखला मागावा. मालकी बदलल्यावर विमा १४ दिवसांत नावावर करून घ्यावा. यात आळस केलेली दोन घरे आमच्या ओळखीत आहेत.

एक प्रश्न भगिनींकडून नेहमी येतो म्हणून इथेच सांगून टाकतो. स्वतःच्या वापराच्या गाडीवर जकात नाही. पण गाडीसाठी जमवलेली रक्कम वर्षभर खात्यात पडून असेल, तर तिच्यावर आहे. सतरा लाखांवर अडीच टक्क्यांनी ४२,५०० रुपये होतात. साडूंनी ते आधीच काढले होते आणि कोणाला दिले ते सांगितले नाही.

ऑक्टेव्हिया घरी आली. घासाघीस करून, कागदपत्रांचा खर्च धरून सतरा लाखांतले अडीच लाख वाचले. ते साडूंनी पोराच्या आणि स्वतःच्या नावाने वेगळ्या खात्यात टाकले. गाडीच्या दुरुस्तीशिवाय त्याला हात लावायचा नाही, अशी बोली आहे. पाहू या किती टिकते.

परतीला पोरानेच आम्हाला मांजरसुंब्यापर्यंत सोडले. एसटीची वाट पाहत हायवेवर उभे होतो, तर सोलापूरच्या बाजूने एक पांढरी ऑडी आली आणि सुसाट निघून गेली. पोर तिच्याकडे मान वळवून पाहत राहिले, दिसेनाशी होईपर्यंत. मागच्या सीटवरून दादींनी विचारले, काय रे, ओळखीचे होते का कोणी?