पोटाला चिमटा, पण कितीदा?



बचतीचे शहाणपण शिकवणारी शिबिरे गावोगाव भरतात. मिळकत आली की आधी बचत बाजूला काढा, मग खर्च करा, म्हणे. चला, सेमाडोहच्या एका घराचा हिशेब मांडू.

2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर 297 रुपये होता. केंद्राच्या कायद्यातले 100 दिवस पुरे भरले तर 29,700 रुपये. घरात पाच माणसे. वर्षाच्या 365 दिवसांवर वाटा, माणशी रोजचे सव्वासोळा रुपये पडतात. रेशनचे धान्य फुकट, कबूल. तेल, मिरची, औषध आणि परतवाड्याच्या एस.टी.चे भाडे यातूनच. यात बचतीचा गल्ला कुठे ठेवायचा, ते शिबिरवाल्याने सिपना नदीच्या काठी येऊन दाखवावे. शिवाय मजुरी मापावर. कडक मुरूम खोदणाऱ्याच्या हातात पुरे 297 पडतीलच असे नाही.

खरी मेख चुकाऱ्यात आहे. पंधरा दिवसांत मजुरी द्यावी, असे 2005 चा कायदा म्हणत होता. उशीर झाला तर भरपाई किती? सोळाव्या दिवसापासून रोज 0.05 टक्का. सहा दिवसांची मजुरी 1,782 रुपये. महिनाभर अडली तर भरपाई सुमारे 27 रुपये. तेवढेच पैसे सावकाराकडून शेकडा पाचने उचलले तर महिन्याचे व्याज 89 रुपये. म्हणजे सरकारने थकवायचे आणि व्याज मजुराने भरायचे! याला उधळपट्टी म्हणतात काय?

आमच्यातलेच काही कास्तकार म्हणतात, मजुरी वाढली म्हणून शेती बुडाली. दिवाळीनंतर घाट उतरून अंजनगाव-अकोटकडे येणारा कोरकू मजूर होळीला घरी परततो, तेव्हा त्याच्या गाठीला काय असते ते त्यांनी एकदा विचारावे. वेचणी किलोला 10 रुपये धरा. 2024-25 चा लांब धाग्याचा हमीभाव 7,521 होता. व्यापाऱ्याने 500 रुपये कमी दिले, की क्विंटलमागे 50 किलोची वेचणी काट्यावरच गेली. ती मजुराने नेली नाही.

आणि भाव पडतो कसा? 19 ऑगस्ट 2025 ला केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आपला कापूस बाजारात येण्याचा हंगाम. गिरण्यांचा हिशेब सरकारला पाठ आहे. कोरडवाहू कास्तकाराला मात्र सल्ला मिळतो, ज्वारी पेरा, खर्च कमी करा. ज्वारी आम्ही पेरतोच. रानडुकरांचा बंदोबस्त कोण करणार?

जिल्हा सभेला येताना जॉबकार्ड, पासबुक आणि कापसाची काटापट्टी आणा. हजेरीपट कधी बंद झाला, पैसे कधी पडले, या दोन तारखा शेजारी-शेजारी लिहून आणा. त्या निवेदनाला जोडून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायच्या आहेत. घाटावरची माणसे आणि खालचे कास्तकार एकाच निवेदनावर सह्या करतील.