राजवाडा, तुरुंग आणि संग्रहालय

चांद्याच्या गोंड राजांनी बांधलेला सुमारे ११ किलोमीटरचा परकोट आजही चंद्रपूर शहराला वेढून उभा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या वेशींतून शहराची रहदारी चालते. मात्र ज्या वास्तूत ही सत्ता नांदली, त्या राजवाड्याचा ब्रिटिशांनी तुरुंग केला. १८५७ च्या उठावाची ज्योत या जंगलात पेटवणाऱ्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी तेथेच फाशी देण्यात आले. स्वातंत्र्यानंतरही ही जागा तुरुंगाचीच राहिली, ही साधी विसंगती नव्हे.

जर्मनीतील श्लेस्विग येथील गॉटॉर्फचा किल्ला सरदारांचे निवासस्थान होता, पुढे सैनिकांची छावणी झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या प्रांताचे संग्रहालय बनला. म्हणजे सत्तेच्या वास्तूला लोकांच्या स्मृतीचे घर करता येते. चांद्याच्या राजवाड्यालाही ते का करता येऊ नये?

रुग्णालये आणि शाळा अपुऱ्या असताना संग्रहालयाची चैन कशाला, असा आक्षेप येईल. परंतु ज्या समाजाचे जंगल घेतले, खनिज घेतले, त्याचा इतिहासही हिरावून घेतल्यानंतर त्याच्या हक्कांची भाषा कोणाच्या तोंडून उमटणार? भाकरी आणि स्मृती यांत निवड करायला लावणे हीच शोषकांची जुनी रीत आहे.

धोका दुसरीकडे आहे. काचेच्या कपाटात ढोल आणि दागिने मांडून माणूस मात्र दाराबाहेर ठेवणारे संग्रहालय नको. गोंडी आणि माडिया बोलणाऱ्यांना तेथे आपली भाषा ऐकू आली पाहिजे. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. ज्या ग्रामसभा जंगल सांभाळू शकतात, त्या आपला इतिहासही सांभाळतील. म्हणून संस्थेचा कारभार मुंबईच्या नोकरशाहीकडे नव्हे, तर त्यांच्या प्रतिनिधींकडे असावा.

२०१७ साली चंद्रपूरच्या तरुणांनी श्रमदानाने परकोटाची साफसफाई हाती घेतली. शासनाने यापेक्षा मोठा पुरावा कोणता मागावा? तुरुंग अन्यत्र हलवावा, वास्तू लोकांना द्यावी, ही मागणी दोन्ही जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी ग्रामसभांच्या ठरावांतून पुढे नेली पाहिजे. बाबुरावांच्या स्मृतिदिनी हार घालणे सोपे आहे. ज्या भिंतींआड त्यांना मारले, त्या भिंतींचा ताबा त्यांच्या वारसांना देणे हे खरे अभिवादन होय.