घाट चढण्याआधी पुढच्या चाकांचा आवाज ऐका!

गणपतीला स्वतःची गाडी घेऊन कोकणात निघणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती. सामान भरण्याआधी गाडी एखाद्या मोकळ्या मैदानात न्या. काचा खाली घ्या, गाणी बंद करा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे कापून हळूहळू एक गोल फेरी मारा. मग उजवीकडे. पुढच्या चाकातून कट-कट-कट ऐकू आलं, तर ती गाडी दुरुस्त केल्याशिवाय आंबा, फोंडा, आंबोली कुठल्याच घाटात घालू नका.

हा आवाज बहुधा एक्सलच्या चाकाकडच्या जॉइंटचा असतो. त्यावर घड्यांचा रबरी बूट असतो, आत ग्रीस. बूट फाटला की ग्रीस उडून जातं, पावसाचा चिखल आत शिरतो आणि जॉइंट झिजू लागतो. चाकामागे वाकून पाहा. रिमच्या आतल्या बाजूला काळे चिकट शिंतोडे दिसले, तर बूट गेलाच म्हणून समजा. आवाज सुरू होण्याआधी हे सापडलं, तर नव्या बूटवर आणि ग्रीसवर भागतं. नंतर जॉइंट किंवा आख्खा एक्सल बदलावा लागतो. जॉइंट तुटला, तर अॅक्सिलरेटर दाबूनही गाडी जागची हलत नाही. ऐन चढावर, मागे गाड्यांची रांग!

बोलेरो, ईकोवाल्यांनी हसू नये. त्यांच्या मागच्या चाकांना ओढ असते, म्हणून पुढे हा एक्सल नसतो. पण लोअर आर्मचा बॉल जॉइंट असतोच. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की कर्रर्र, खड्ड्यात चाक गेलं की ठक्क, ही त्याची लक्षणं. तो निखळला, तर चाक तिरकं होऊन गाडी त्या बाजूला बसते आणि स्टिअरिंग नुसतं हातात राहतं. अशी शंका आली तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंगवाल्याला बोलवा.

वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं डाव्या वळणावर जास्त होत असेल, तर बहुधा उजव्या चाकाचं बेअरिंग गेलेलं असतं.

मेकॅनिकला नुसतं ‘आवाज येतो’ सांगू नका. कुठल्या वळणावर, रेस दिल्यावर की उभ्या गाडीत, ते सांगा. जमलं तर त्याला शेजारी बसवून फेरी मारा. नाहीतर अलाइनमेंटचं बिल हातात पडतं आणि आवाज तसाच राहतो. चाकं उचलून, वर-खाली आणि आडवी धरून हलवून बघायला सांगा. स्टेपनीच्या जॅकवर गाडी चढवून स्वतः मात्र खाली शिरू नका.

सणाच्या तोंडावर गॅरेजमध्ये रांगा लागतात, पार्टही वेळेवर मिळत नाहीत. म्हणून आज-उद्याच गाडी दाखवा. काम पुरं झालं नाही, तर यंदा एसटीने नाहीतर रेल्वेने जा.