कर्मवीर कुणाचे?

परवा सांगलीहून भाच्याचा निरोप आला. "मामा, साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ म्हणजे आपल्या समाजाची शान!" पाठोपाठ समाजाच्या नव्या वसतिगृहासाठी देणगीचा अर्ज. त्यात एक ओळ : 'फक्त आपल्या समाजाच्या मुलांसाठी.'

मंडळी, मी जन्मानं जैन आणि साताऱ्यात 'कमवा आणि शिका'तून बी.ए. झालेला. तेव्हा ह्यावर चार शब्द बोलायचा हक्क मला आहे.

समाजाचं ऋण मी नाकारत नाही. भाऊराव 1887 साली कुंभोजला जैन घरात जन्मले आणि कोल्हापुरात शिकायला राहिले तेही जैन बोर्डिंगात. समाजानं अशी सोय केली नसती तर खेड्यातली किती पोरं घरीच बसली असती... पण भाचेबुवा, पुढचं का गाळता? अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला भाऊराव गेले. परत आल्यावर फर्मान निघालं, आधी आंघोळ करा. त्यांनी केली नाही, आणि बोर्डिंगातून त्यांना काढलं. 'आपल्याच' बोर्डिंगातून!

त्या न केलेल्या आंघोळीतून हे विद्यापीठ निघालं आहे, असं मी मानतो. 1910 साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर वसतिगृह काढलं ते तुमच्या सांगलीजवळच्या दुधगावात, सगळ्या जातींच्या पोरांसाठी. 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था, 1924 साली ती साताऱ्यात. इथल्या बोर्डिंगात महार, मराठा, मुसलमान, जैन पोरं एका पंगतीत जेवली. त्यांच्या भाकरीसाठी लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. (आमच्या घरी नुसता विषय काढून बघा!) ह्या बाईंचं नाव 'शान'वाल्या निरोपांत कधी दिसत नाही.

पुढे 1947 साली शिवाजी कॉलेज. ते आणि रयतचीच सायन्स व कॉमर्सची कॉलेजं एकत्र करून 2021 साली समूह विद्यापीठ झालं. सरकारी कायद्याखालचं, सगळ्यांचं.

आणि आपण शंभर वर्षांनी पुन्हा 'फक्त' लिहितोय!

असो. भाचेबुवा, पाच हजारांचा चेक लिहून ठेवलाय, तारीख घातलेली नाही. अर्जातली ती ओळ खोडलीत की कळवा.