जुन्या पिकअप गाडीस कोणता कार्बुरेटर घ्यावा?

महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीस जीप जोडण्यास आरंभ केला. पुढे त्याच घराण्यातील सी.जे. ३ बी ही जीप आणि फॉरवर्ड कंट्रोल १५० ही पिकअप गाडी येथे तयार होऊ लागली. त्यांपैकी पुष्कळ गाड्यांत मागाहून डिझेल इंजिने बसली. तथापि मूळच्या पेट्रोल इंजिनावर चालणाऱ्या काही गाड्या अजूनही वस्तीवरून भाजीपाला व खताची पोती वाहत आहेत. अशी गाडी चढणीला दम टाकू लागली की दोष कार्बुरेटरच्या माथी मारला जातो, आणि मालक नव्या व शक्य तितक्या मोठ्या कार्बुरेटरच्या शोधास लागतो. आमच्या मते दोष ठरविण्यात घाई होते आणि निवडीत चूक होते.

प्रथम प्लग, पॉइंटांमधील अंतर, टाइमिंग व कंप्रेशन तपासून घ्यावे. इंजिनाचे व्हॉल्व गळत असतील तर कितीही भारी कार्बुरेटर आणला तरी व्यर्थ होय. त्यानंतर थ्रॉटलचा दांडा बोटाने आडवा हलवून पाहावा. तो खडखडत असेल तर तेथून हवा आत शिरते व इंजिन स्लोवर टिकत नाही. एवढाच दोष असल्यास लेथवाल्याकडून बुश बसवून घेता येतो. अंग शाबूत असेल तर नवी नीडल, गॅस्केट व पंपाचा पडदा घालून जुनाच कार्बुरेटर नीट करावा. त्यात पैसा वाचतो आणि गाडीला मानवलेले मापही कायम राहते. अंगाला तडा गेला असेल, अथवा बसण्याची बाजू वाकडी झाली असेल, तरच तो बदलावा.

बदलताना माप कसे ठरवावे? हरिकेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचे माप सुमारे २.२ लिटर आहे. दर दोन फेऱ्यांत ते एकदा पूर्ण हवा ओढते. म्हणजे मिनिटास ४,००० फेऱ्यांच्या वेगाने हिशेबाने ४,४०० लिटर हवा लागेल. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नसल्याने ती ३,५०० लिटरांच्या आसपास येते. शेतरस्त्यावर लादलेली गाडी १,५०० फेऱ्यांवर चालते, तेव्हा तर निम्मीही हवा लागत नाही. मोठ्या मोटारीचा दुनळी कार्बुरेटर बसविल्यास त्याच्या रुंद घशातून हवा मंद वाहते, पेट्रोलचे तुषार नीट होत नाहीत आणि थेंब मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटतात. पेट्रोल अधिक जळते व ओढ मात्र कमी होते. जेथे ओढ सर्वांत अधिक हवी, त्या चढणीवरच नेमका हा तोटा होतो. या इंजिनाच्या अमेरिकी मूळ आवृत्तीवर कार्टर वाय.एफ. हा एकनळी कार्बुरेटर असे. आपल्याकडे सोलेक्सही पुष्कळ गाड्यांवर दिसतो. जो काढला त्याच जातीचा व त्याच घशाचा घ्यावा. बोल्टांमधील अंतर, थ्रॉटलच्या कांबीची बाजू व हवागाळणीच्या तोंडाचा व्यास, ही मापे जुना नग हाती घेऊनच दुकानात ताडून पाहावीत. दुकानदाराच्या ‘सगळ्या जीपला चालतो’ या शब्दावर विसंबू नये.

आता पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. त्यातील इथेनॉलचे सरासरी प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोचले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत गेले. हे इथेनॉल काही अंशी आपल्याच उसातून येते, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून नव्या कार्बुरेटरचे पडदे व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या आहेत की नाहीत, हे विचारूनच पैसे द्यावेत. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने त्याच जेटवर मिश्रण पातळ पडते. गाडी झटके देऊ लागली व प्लगचे टोक पांढरे दिसले तर मुख्य जेट एक पायरी मोठे करावे. टोक विटकरी दिसले म्हणजे प्रमाण जुळले. इथेनॉल ओलावाही धरते. हंगाम संपून गाडी महिना दोन महिने उभी राहणार असेल तर फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवणे बरे.

एका धोक्याविषयी ग्रामसेवकांनी मालकांना आवर्जून बजावावे. इंजेक्शनच्या मोटारीचा विद्युत पंप काही ठिकाणी या गाड्यांना जोडतात. त्या पंपाचा दाब जुन्या यांत्रिक पंपाच्या कितीतरी पट असतो. फ्लोटची नीडल तो सोसत नाही आणि पेट्रोल ओसंडून तापलेल्या इंजिनावर पडते. भाजीने भरलेली गाडी वाटेत बंद पडली तर एका दिवसाचा बाजार बुडतो, पण येथे गाडी आणि माणूस दोन्ही जाण्याची भीती आहे. मूळ पंपच दुरुस्त करून वापरावा.

कार्बुरेटर बसविल्यावर पी.यू.सी. तपासणी करून घ्यावी व स्लोचा स्क्रू यंत्रावरील कार्बन मोनॉक्साइडचा आकडा पाहून फिरवावा. कानाने लावलेला स्लो पुष्कळदा जाड मिश्रणावर राहतो. उतरविलेला जुना नग भंगारात देऊ नये. त्याची जेट व कांबी पुढे सुट्या मिळतीलच असे नाही.