राजम्याचं पहिलं पाणी

मैत्रिणींनो, या खेपेला तुम्हांला काही सांगण्याआधी एक कबुली द्यायची आहे. माझ्या हातून चूक झाली आणि तिचा दोष मी भलत्याच माणसाच्या माथी मारला.

त्याचं असं झालं. माझ्या भाच्यानं हळू आचेवर शिजवणारं विजेचं भांडं भेट दिलं. सकाळच्या शाळेला जाणाऱ्या मला ते वरदानच वाटलं! रात्री राजमा भिजत घातला, पहाटे पाणी बदलून त्या भांड्यात टाकला, बटण दाबलं आणि शाळेत गेले. बारा वाजता आले तर घरभर मसाल्याचा वास. दाणे किंचित टणक होते खरे, पण भूक लागलेली. सासूबाई म्हणाल्या, "मला नको गं, दाताला लागतोय." आम्ही बाकीचे मात्र जेवलो.

दोन तासांत धाकटीला उलट्या सुरू झाल्या. मग ह्यांना, मग मला. पुढे जुलाब. मला वाटलं, दही बाधलं. दहीवाल्याला दारातच नको नको ते बोलले. डॉक्टरांनी मात्र शांतपणे विचारलं, "राजमा खळखळून उकळला होता का?" मी गप्प. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना बरं वाटलं, पण लेकीचा तो पांढराफटक चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक द्रव्य असतं. लाल राजम्यात ते फार. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा पोट बिघडवायला पुरतात. खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत मळमळ आणि उलट्या होतात. भरपूर उकळलं की हे द्रव्य निकामी होतं. पण नुसतं कोमट-गरम राहिलं, ऐंशी अंशांच्या आसपास, तर त्याचा त्रास कच्च्याहूनही वाढू शकतो. माझ्या भांड्यात नेमकं तेच झालं. पांढऱ्या घेवड्यात हे द्रव्य कमी, पण असतंच. आपल्या कोरेगावकडचा वाघ्या घेवडाही राजम्याचाच भाऊबंद, तेव्हा त्यालाही हाच नियम.

तर आता असं करा :

राजमा निवडून, धुऊन चौपट पाण्यात आठ-दहा तास भिजवा. उन्हाळ्यात पाण्याला फेस येऊन आंबूस वास येतो, म्हणून मध्ये एकदा पाणी बदला किंवा भांडं फ्रिजमध्ये ठेवा.

भिजाणाचं पाणी ओतून टाका. जीवनसत्त्वं जातील म्हणून हळहळू नका. दाणे पुन्हा धुऊन ताज्या पाण्यात घाला.

हे पाणी खळखळून उकळू द्या. उकळी आल्यापासून निदान दहा मिनिटं. अर्धा तास उकळलं तर अधिक निर्धास्त. मगच मंद आच.

कुकरमध्ये उष्णता उकळीच्याही वर जाते, त्यामुळे तो उत्तम. मात्र कुकर अर्ध्याहून जास्त भरू नका. फेस येऊन शिटीची वाट बंद होऊ शकते. एक शिटी झाली की आच बारीक करून पंधरा-वीस मिनिटं ठेवा.

शिजला का, हे दाताखाली धरून बघू नका. दाणा बोटांत चिरडून पाहा, मध्ये खडा लागता कामा नये.

टोमॅटो, चिंच, आमसूल दाणे मऊ झाल्यावरच घाला. आंबटानं दाणा लवकर शिजत नाही. सोडा घातला तर शिजतो लवकर, पण 'ब' जीवनसत्त्वाचा नाश होतो. वर्षभर डब्यात पडलेला राजमा तासन्‌तास शिजवूनही टणकच राहतो, म्हणून थोडाच आणा.

मोड आणले तरी राजमा किंवा घेवडा कच्चा कोशिंबिरीत घालू नका. मटकी-मुगाचे मोडही लहान मुलांना आणि गरोदर बाईला वाफवूनच द्या.

हळू शिजणारं भांडं टाकून द्यायला नको. आधी राजमा गॅसवर उकळून घ्यायचा आणि मग त्यात घालायचा, एवढंच.

आता दुसरी कबुली. सासूबाई नेहमी घेवड्याला उकळी आणून पहिलं पाणी फेकून देत. लग्न होऊन आले तेव्हा मी बी. ए.ची ऐट मिरवत म्हटलं होतं, "आई, सगळं सत्त्व जातं हो त्यात!" त्या हसल्या होत्या नुसत्या. त्या दिवशी संध्याकाळी लेकीला मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजताना त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे आधी उकळायची रीत होती. का ते मलाही ठाऊक नव्हतं बघ."

दुसऱ्या दिवशी दहीवाल्याला बोलावून माफी मागितली. त्यानं हसून अर्धा शेर दही जास्तच घातलं. तुमच्या घरी अशी काही जुनी रीत असेल, तर मोडीत काढण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. आणि आज राजमा भिजत घालणार असाल, तर उद्याच्या उकळीची दहा मिनिटं आत्ताच मनात धरून ठेवा!