अरंगेत्रमच्या निमित्ताने

आपल्या वसतिगृहात पाचवीपासून वाढलेल्या एका विद्यार्थिनीचे भरतनाट्यममधील अरंगेत्रम यंदा पार पडले. ‘अरंगु’ म्हणजे रंगमंच आणि ‘एट्रम’ म्हणजे आरोहण, असा त्या तमिळ शब्दाचा अर्थ. सुमारे अडीच तास ती एकटी रंगमंचावर होती. अभिनंदनाचे शब्द कानांवर आले, तसे आक्षेपही आले. आणि आक्षेप घेणारी माणसे शाळेवर जीव असणारी होती, म्हणून त्यांना उत्तर देणे अगत्याचे वाटते. एका ज्येष्ठ उपासकांनी विचारले, “ज्या नाचातून बाबासाहेबांनी आमच्या आयाबहिणींना बाहेर काढले, त्यात आपणच आपली लेक परत का धाडायची?” एका पालकभगिनींचा प्रश्न याहून रोकडा होता. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातील मुलीने नटराजापुढे हात जोडायचे काय?

पहिल्या प्रश्नामागची वेदना खरी आहे. जून १९३६ मध्ये मुंबईत देवदासी, जोगतिणी, पोतराज, आराधी यांची सभा भरली, तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना ते लाचार जिणे टाकून देण्यास सांगितले. आपल्याकडे नाच म्हटला की मुरळी आठवते, फडावरची बाई आठवते, आणि तिच्यावर पैसे उधळणारे हातही आठवतात. हे विसरून ‘कला ही कला असते’ असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

परंतु भरतनाट्यमचा इतिहास नीट वाचला, तर त्याच उपासकांचा प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. आज हे नृत्य उच्चवर्णीय घरांतील मुलींचे भूषण समजले जाते. ते ज्यांनी घडविले, जपले आणि शिकविले ते लोक कोण होते? तमिळ देशातील देवळांत व दरबारांत नाचणाऱ्या देवदासी आणि त्यांना शिकविणारे नट्टुवनार. अल्लारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा जो क्रम आपल्या मुलीने सादर केला, त्याची बांधणी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांनी केली, असे मानले जाते. हे भाऊ तंजावरच्या दरबारात वाढले, आणि तो दरबार भोसल्यांचा होता. दुसऱ्या सरफोजी राजांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणे लिहिली. आपल्या काळात आचार्य पार्वतीकुमारांनी त्यांचा अभ्यास करून ती पुन्हा रंगमंचावर आणली. तेव्हा ‘हे मद्राशी नृत्य आपल्याला कशाला’ हा आक्षेप तर टिकतच नाही.

देवदासी प्रथेविरुद्ध डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डींनी मद्रास विधान परिषदेत १९२७ पासून लढा दिला आणि १९४७ मध्ये मद्रास प्रांताचा कायदा झाला. मुलींना देवाला वाहणे बंद झाले, हे उत्तमच झाले. त्याच सुमारास, १९३५ च्या डिसेंबरात, रुक्मिणीदेवी अरुंडेल अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत प्रथम नाचल्या आणि पुढल्या वर्षी कलाक्षेत्राची स्थापना झाली. त्यांचे कर्तृत्व मोठे, यात शंका नाही. पण त्यांना अभिनय शिकविणाऱ्या मैलापूरच्या गौरी अम्मल या देवळाच्या सेवेतील देवदासी होत्या, आणि त्यांचे म्हातारपण हलाखीत गेले. नृत्याला प्रतिष्ठा लाभली. ते सांभाळणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र ती आली नाही.

या संदर्भात एक अरंगेत्रम मला फार महत्त्वाचे वाटते. १९२५ साली कांचीपुरमच्या एका देवळात सात वर्षांची एक मुलगी प्रथम नाचली. तीच पुढे टी. बालसरस्वती म्हणून जगभर गाजली. वीणावादक धनम्माळ ही तिची आजी. घरात पिढ्यान्‌पिढ्या संगीत आणि नृत्य, आणि बाहेर या घराण्यांतल्या बायकांच्या नाचण्याला वाढता विरोध. बालसरस्वतींनी आपल्या कुळाची लाज बाळगली नाही, की नृत्यातला शृंगार ‘शुद्ध’ करून दाखविण्याचा आग्रहही मानला नाही. १९७७ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. आजही नृत्या पिल्लै यांच्यासारख्या त्या परंपरेतील नर्तकी ‘आमची कला घेतली आणि आम्हाला वगळले’ ही गोष्ट उघडपणे मांडतात. आपल्या मुलीने रंगमंचावर पाऊल ठेवले ते या बायकांच्या मागोमाग. लाचारी सोडायला बाबासाहेबांनी सांगितले होते. अंगी असलेली विद्या दुसऱ्याच्या हवाली करायला नव्हे.

आता धम्माचा प्रश्न. पंचशीलात नृत्याला मनाई नाही. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणाऱ्याने नृत्य-गीतापासून दूर राहायचे, एवढेच बंधन आहे. मात्र कोणी जाणकार तालपुट सुत्ताचा दाखला देईल, आणि तो दाखला झटकून टाकण्यासारखा नाही. नटांचा प्रमुख तालपुट तथागतांना विचारतो की, लोकांना हसविणारा, रिझविणारा नट मरणोत्तर देवलोकी जातो काय? तथागत त्याला हा प्रश्न विचारू नकोस म्हणतात. तो पुनःपुन्हा विचारतो, तेव्हा उत्तर देतात, आणि ते कठोर आहे. पण त्याचे कारणही तिथेच सांगितले आहे: राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेल्या प्रेक्षकांत नट तेच अधिक चेतवितो. म्हणजे नृत्य प्रेक्षकाच्या मनात काय जागे करते, याकडे पाहायचे. अंबपालीकडे पाहा. वैशालीची ती गणिका पुढे भिक्षुणी झाली, आणि थेरीगाथेत तिने आपल्या केसांपासून पायांपर्यंत एकेका अवयवाचे पूर्वीचे लावण्य व आताचे वार्धक्य सांगितले आहे. भरतनाट्यमच्या पदांत नायिकेचे रूप असेच अंगोपांगांनी वर्णिलेले असते. ज्या हस्तमुद्रांनी कमलनेत्र दाखवायचे, त्याच हातांनी विझलेले डोळे दाखवायचे. अभिनयाची यापेक्षा कठीण परीक्षा मला सुचत नाही.

नटराजाविषयी माझे मत स्पष्ट आहे. वर्णमातील नायिका शिवावर अनुरक्त असते, ती साकारणारी मुलगी नव्हे. रावणाची भूमिका करणारा नट लंकेचा राजा होत नाही. परंतु कार्यक्रमापूर्वीची मूर्तिपूजा आणि घुंगरूपूजन हा अभिनय नाही, ती पूजाच आहे. आपल्या मुलीने ही अडचण गुरूंना वर्षभर आधी सांगितली. रंगमंचावर मूर्ती ठेवली गेली नाही. तिने भूमीला प्रणाम केला (पायांखाली तुडविलेल्या जमिनीची क्षमा मागण्याचा हा रिवाज मला तर फार आवडतो), मग गुरूंना आणि साथीदारांना वंदन केले. कोणी सुचविले होते की नटराजाच्या जागी बुद्धमूर्ती ठेवावी. ती ठेवली नाही हे बरे झाले. तथागतांना कोणाची रिकामी जागा भरायला बसवू नये.

खर्चाबद्दल मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. शहरांत अरंगेत्रम म्हणजे लग्नाची रंगीत तालीम झाली आहे. सभागृह, नट्टुवांगम, गायन, मृदंगम् आणि व्हायोलिनची साथ, पोशाख, छायाचित्रे, छापील पत्रिका, वर जेवणावळ. हिशेब लाखांत जातो. कष्टकरी आईबाप कर्ज काढतात, आणि बऱ्याच मुली त्यानंतर घुंगरू पेटीत ठेवून देतात. साथीदारांचे मानधन पूर्ण द्यावे, ती त्यांची रोजी आहे. बाकी सारे आपल्या सभागृहात, आपल्या खिचडीवर होऊ शकते.

तिची पुढची इच्छा प्रकृतीची कथा करण्याची आहे: विहिरीवर आनंदाने मातंगकन्येकडे पाणी मागितले, ती कथा. दिव्यावदानातील या कथेवर रवींद्रनाथांनी ‘चंडालिका’ लिहिली आणि १९३८ मध्ये तिचे नृत्यनाट्य केले. आपल्या मुलीला ती मराठीत हवी आहे, आणि रवींद्रनाथांचे भाषांतर नको. ‘मी अस्पृश्य आहे’ हे सांगतानाचा प्रकृतीचा संकोच तिला आपल्या पाणवठ्यांच्या भाषेत हवा आहे. माजी विद्यार्थ्यांत कवी पुष्कळ आहेत. आदितालात, आठ मात्रांत बसेल असे पद त्यांनी लिहून कार्यालयात पाठवावे.

आणि विश्वस्तांसाठी एक गोष्ट. शाळेच्या सभागृहाची जमीन शहाबादी फरशीची आहे. अर्धमंडलात बसून अशा फरशीवर रोज पाय आपटले की गुडघे आणि नडग्या धरतात. तिथे सध्या सहा मुली संध्याकाळच्या वंदनेनंतर तट्टडवूचा सराव करतात. त्यांतली सर्वांत लहान सहावीत आहे. लाकडी जमीन पुढच्या पावसाळ्यापूर्वी व्हायला हवी.